लेटरहेड कपाटात ठेवा आणि तीन मजले चढा

पत्र:

ताई, नमस्कार. औंधमधल्या एका जुन्या सोसायटीची मी सेक्रेटरी आहे, चौथ्यांदा, कारण दुसरं कोणी व्हायलाच तयार नसतं. तळमजला अधिक तीन, ३२ फ्लॅट, १९८६ चं बांधकाम, लिफ्ट नाही, मागच्या भिंतीपलीकडे थोडी झाडी आणि मग मुळा नदी. महापालिकेच्या नदीकाठ सुधार प्रकल्पावरून आमच्याकडे उभी फूट पडलीये. एक गट म्हणतो झाडं जाणार, पूर येणार, सोसायटीच्या लेटरहेडवर विरोधाचं पत्र द्या. दुसरा म्हणतो घाण जाईल, डास जातील, चालायला छान ट्रॅक होईल, पाठिंब्याचं पत्र द्या. दोघांनी आपापला मसुदा मला व्हॉट्सॲपवर टाकलाय आणि दोघंही रोज विचारतात, मॅडम सही कधी. मी स्वतः विरोधात आहे, लपवत नाही. २०२४ च्या जुलैत पार्किंगमध्ये पाणी भरलं तेव्हा माझ्या दाराच्या दोनच पायऱ्या कोरड्या राहिल्या होत्या. (आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला जायच्या बेतात आहे, एक बिल्डर प्रेझेंटेशन देऊन गेला, पण तो विषय वेगळा.)

खरा त्रास दुसराच आहे. तिसऱ्या मजल्यावरची माझी मैत्रीण, वीस वर्षांची, पोरं एकत्र वाढली आमची, ती पाठिंब्याच्या गटात जाऊन बसलीये. त्या पुराच्या रात्री हीच बाई आमच्या गाद्या डोक्यावर घेऊन तीन मजले चढली होती. आणि एप्रिलच्या मीटिंगमध्ये मी पुराचं बोलत होते तर सगळ्यांसमोर म्हणाली, "यांना काय, या तळमजल्यावर राहतात." मला इतकं लागलं ते. फेब्रुवारीपासून आमचा सकाळचा वॉक बंद आहे, आता तर जिन्यात दिसली तरी ती मान खाली घालून जाते. एका प्रकल्पाने माझी मैत्रीण नेली. सही कुठल्या पत्रावर करू, आणि हिच्याशी बोलू कशी?

– त्रासलेली सेक्रेटरी

उत्तर:

सेक्रेटरीबाई, आधी सहीचं उरकून टाकू, कारण ते सोपं आहे. कुठल्याच पत्रावर करू नका.

तुम्ही विरोधात आहात म्हणून विरोधाच्या पत्रावर केली तर १५-१६ घरं म्हणणार की बाईंनी लेटरहेड घरचं समजलं, आणि त्यांचं चुकणार नाही. लेटरहेड ना तुमचं ना अध्यक्षांचं, ते ३२ जणांचं. सोसायटीचं म्हणून काही मत बाहेर पाठवायचं असेल तर सर्वसाधारण सभेत विषय अजेंड्यावर यायला हवा, ठराव व्हायला हवा, मतं मोजली जायला हवीत आणि इतिवृत्तात लिहिली जायला हवीत. विशेष सभेला उपविधीप्रमाणे पूर्ण पाच दिवसांची नोटीस लागते, कोरमला तुमच्याकडे २० माणसं लागतील, ती जमणार नाहीत, मग सभा अर्धा तास तहकूब होईल आणि अर्ध्या तासाने त्याच खुर्च्यांवर तीच अकरा माणसं बसून पुढे चालू, हे सगळं तुम्हाला मी सांगायला नको, चार टर्म काढल्यात तुम्ही. पण तोवर दोन्ही मसुद्यांना एकच उत्तर द्या, "ठराव झाल्याशिवाय सेक्रेटरीला सही करता येत नाही." नियमाच्या आड लपायची सोय आयुष्यात फार थोड्या वेळा मिळते, मिळाली की लपावं.

आता ती सभा घ्यायचीच असेल तर प्रकल्प हवा की नको असा विषय ठेवून घेऊ नका. का ते सांगते, जरा लांबण लागेल.

तुम्ही पाठवलेले दोन्ही मसुदे वाचले (विरोधाचा मसुदा साडेतीन पानी आहे हो, कोण वाचणार तो पालिकेत). दोन्ही मसुद्यांत तुमच्या सोसायटीचा सर्व्हे नंबर एकदाही आलेला नाही. एकात पृथ्वी आहे, दुसऱ्यात साबरमती आहे, पण तुमच्या मागच्या भिंतीपासून नेमकं किती मीटरवर काय होणार आहे हे दोन्ही बाजूंना माहीत नाहीये. मला वाटतं तुमचं निम्मं भांडण न पाहिलेल्या नकाशावरून चाललंय.

आणि एक घोळ तर अख्ख्या पुण्यात आहे, तो आधी सोडवा. "घाण जाईल" वाले ज्या प्रकल्पाबद्दल बोलतात तो हा नाहीच. नदीत मैलापाणी जाऊ नये म्हणून जो प्रकल्प आहे तो जायका या जपानी संस्थेचा, तिच्या कर्जातून आलेला, मंजूर झाला तेव्हा ९९० कोटींचा, ११ शुद्धीकरण केंद्रं, रोजची ३९६ दशलक्ष लिटर क्षमता, आणि २०१५-१६ पासून आपण त्याचं नाव ऐकतोय. नदीकाठ सुधार हा वेगळा. मुळा २२.२ किलोमीटर, मुठा १०.४ आणि संगमानंतरची मुळा-मुठा ११.८ असा मिळून ४४ किलोमीटरचा, ४,७२७ कोटींचा, आराखडा अहमदाबादच्या साबरमतीचा आराखडा करणाऱ्याच कंपनीचा, मार्च २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन, आणि आधी काम सुरू झालं ते संगम ते बंडगार्डन या बाजूला. त्यात भराव आहे, बांध आहेत, चालायचे रस्ते, घाट, बागा आहेत. काठावरून वाहणारी गटारं अडवून नळातून पुढे न्यायचं कामही त्यात आहे, पण ते पाणी शेवटी शुद्ध होणार की नाही हे ठरणार पहिल्या प्रकल्पावर. २०२४ च्या फेब्रुवारीत केशवनगर-खराडीकडचा तो डासांच्या भोवऱ्याचा व्हिडिओ आठवतोय ना, आभाळात काळा खांब उभा राहिल्यासारखा? तो साचलेल्या पाण्याने आणि जलपर्णीने केलेला प्रताप होता, फरशी बसवून तो जात नाही. आणि साबरमतीचं म्हणाल तर तिथे जे भरलेलं पात्र फोटोत दिसतं ते पाणी नर्मदेच्या कालव्यातून सोडलेलं आहे. आपल्याकडे वरच्या धरणातून प्यायला द्यायचं पाणी पुरवता पुरवता नाकी नऊ येतात, नदीत शोभेला कुठून सोडणार.

हे वाचून विरोधी गटाने लगेच टाळ्या वाजवू नयेत, त्यांचंही आहे माझ्याकडे.

पाठिंबा देणारे मूर्ख नाहीयेत. तुमच्या मागे आज नदी म्हणून जे काही आहे तिथे कोण जातं? रात्री डंपर येऊन राडारोडा टाकून जातात, पावसाळ्यात वास मारतो, संध्याकाळी सातनंतर बाईमाणसाने तिकडे फिरकावं अशी जागा नाही ती. लोकांना नदीजवळ जाऊन बसायचंय, त्यात चूक काय? विरोध करताना "आहे तसं राहू द्या" असं म्हटलं की ज्याच्या खिडकीखाली तो राडारोडा आहे त्याला ते कसं ऐकू जात असेल याचा विचार विरोधवाले करत नाहीत. माझ्याच ओळखीतले एक गृहस्थ, नदीकाठची झाडं वाचवायला निघालेल्या २९ एप्रिल २०२३ च्या चिपको मोर्चाला संभाजी बागेपाशी झाडाला मिठी मारून आले आणि आल्यावर स्वतःच्या फ्लॅटचं रिनोव्हेशनचं डेब्री कुठे गेलं ते कॉन्ट्रॅक्टरला विचारलंसुद्धा नाही. कुठे गेलं असेल ते तुम्हाला माहितीये आणि मला माहितीये.

मी स्वतः कुठे आहे ते सांगून टाकते, उगाच निःपक्षपातीपणाचा आव नको. मला या प्रकल्पाची धास्ती वाटते आणि ती एकाच कारणाने, पुराच्या. आपली नदी वर्षाचे दहा महिने ओढ्यासारखी आणि दोन महिने नदीसारखी वागते. मुठेवरचा सखल भिडे पूल पाण्याखाली गेला की आपण फोटो काढायला जातो इतकी सवय झालीये आपल्याला. पण २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत पहाटे लोकांच्या घरात पाणी शिरलं, त्या दिवशी खडकवासल्याचा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या आसपास गेला होता, आणि मुठेची निळी पूररेषा, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, धरली जाते ६० हजार क्युसेकला, आणि शंभर वर्षांतल्या पुराची लाल एक लाखाला. म्हणजे कागदावरच्या पुराच्या कितीतरी आधी पूर आला. अशा नदीत दोन्हीकडून भराव टाकून पात्र बांधून घ्यायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. पालिकेचं म्हणणं आहे की सगळी आकडेमोड केलीये, उलट पुराचा धोका कमी होईल. पर्यावरण परवानगीचा वाद हरित लवादापर्यंत गेला, तुमच्या जवळच राम-मुळा संगमाची झाडी वाचवायला लोक २०२५ च्या फेब्रुवारीत जमले, म्हणजे शंका काही मला एकटीलाच नाही. पण माझी धास्ती हा पुरावा नाही, आणि तुमच्या दोन कोरड्या पायऱ्या हाही पूर्ण पुरावा नाही. पुरावा नकाशात आहे.

पालिकेवर माझा खरा राग आहे तो वेगळ्या कारणाने. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि नवी निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली पावणेचार वर्षं आयुक्त हेच प्रशासक, म्हणजे प्रस्ताव मांडणाराही तोच, स्थायी समितीही तोच आणि मुख्य सभाही तोच. स्वतःच मुलगी दाखवायची आणि स्वतःच पसंत करायची. शहराचं इतकं मोठं काम या काळात पुढे सरकलं आणि ज्याच्या दारात जाऊन भांडावं असा निवडून आलेला माणूसच नव्हता, मग लोक भांडणार कोणाशी? शेजाऱ्याशी. तुमच्या जिन्यात जे चाललंय ना, ते मुख्य सभेत व्हायचं भांडण आहे. मुख्य सभा भरत नव्हती म्हणून ते तुमच्या ग्रुपवर भरलं. (ग्रुप "फक्त ॲडमिन" करू नका बरं का, लोक मग जिन्यात बोलतात आणि तिथलं डिलीट करता येत नाही. नदीचा वेगळा ग्रुप काढा, ज्याला यायचं तो येईल, पाण्याचा टँकर कधी येणार हे निदान मूळ ग्रुपवर दिसू दे.)

आता करायचं काय.

सभेपुढे एकच विषय ठेवा, "आपल्या जागेबाबत महापालिकेकडून पुढील माहिती मागवणे." याला कोणी विरोध करू शकत नाही, आणि केला तर तो का करतोय हे सगळ्यांना दिसेल. पत्रात विचारायचं इतकंच की आमच्या सर्व्हे नंबरवर आजची निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते आणि प्रकल्पानंतर कुठून जाईल, दोन्ही एकाच नकाशावर दाखवून द्या. आमच्या भिंतीमागे भराव किती उंचीचा आणि तेवढ्याच विसर्गाला पाण्याची पातळी आज किती, तेव्हा किती. आमच्या नाल्याचं पावसाचं पाणी त्या भरावातून नदीत कुठून उतरणार (हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि मला विचाराल तर तळमजल्याच्या माणसाने हाच सगळ्यात आधी विचारावा, कारण नदी आत आली नाही तरी तुमचंच पाणी बाहेर जायला जागा राहिली नाही तर भिजायचं ते तुम्हीच). आणि या पट्ट्यातली कोणती झाडं तोडायची, कोणती हलवायची, त्याची यादी. झाडांसाठी वृक्ष प्राधिकरणाची नोटीस लागते आणि हरकतीला मुदत अवघी सात दिवसांची असते, झाडावर कागद चिकटवलेला दिसला की त्याच दिवशी फोटो काढा, आठव्या दिवशी रडून उपयोग नाही.

पत्र आवक-जावकला द्या, पोच घ्या, प्रत तुमच्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांना. चारही म्हणजे चारही, तुमच्या आवडीच्या पक्षाच्या दोघांनाच नको. चार जण असले की प्रत्येक जण म्हणतो ते दुसऱ्याचं काम, म्हणून प्रत्येक प्रतीवर बाकी तिघांची नावं लिहा. आणि पलीकडचा काठ पिंपरी-चिंचवडकडे आहे हे विसरू नका, मुळेचा एक काठ एका पालिकेचा आणि दुसरा दुसरीचा, त्यांचंही काठाचं काम आहे. समोर भराव पडला तर पाणी कुठल्या बाजूला सरकणार हे तिसरीतलं पोर सांगेल. तिकडचा नकाशाही मागा.

उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार. तो सोसायटीच्या नावाने टाकू नका, नागरिक म्हणून स्वतःच्या नावाने टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा ते साडेतीन पानवाले काका अर्ज लिहिणार नाहीत एवढं बघा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. पण त्याहून मला आवडतो तो सोमवार. राज्य सरकारने २०१८ मध्ये आदेश काढला, दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना महापालिकांमध्येही फायली बघू द्याव्यात म्हणून (तुमच्या पालिकेत ते अजून चालू आहे ना, एवढं आधी विचारून घ्या). सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. फार लोकांना माहीत नाही, आणि ज्यांना माहितीये ते जात नाहीत कारण दुपारी ३ ते ५ ही आपली झोपायची वेळ.

मी गेलेय. मी तेव्हा दुसऱ्या शहरात राहायचे, आमच्या गल्लीत रस्तारुंदीवरून आठ महिने भांडण चाललं होतं, दोन घरांनी एकमेकांच्या बारशाला जाणं बंद केलेलं. विरोधी बाजूचे म्होरके म्हणजे एक निवृत्त मास्तर, आणि या बाजूने मी. एका सोमवारी आम्ही दोघंच गेलो, एका रिक्षात, पूर्ण रस्ता न बोलता. तिथल्या क्लार्कने आधी "साहेब नाहीत" सांगितलं, मग "फाईल वर आहे", मग मास्तर स्टुलावर बसून राहिले आणि पिशवीतून शेंगदाणे काढून खायला लागले तेव्हा त्याला कळलं की हे जाणारे नव्हेत. नकाशा निघाला. पंधरा घड्या असतील, टेबलावर मावेना, दोन टेबलं जोडली. एका कोपऱ्यावर पेपरवेट, एकावर क्लार्कचा डबा, एकावर माझी पर्स आणि चौथा कोपरा मास्तरांनी तळहाताने दाबून धरलेला. पेन्सिलीने रस्त्याची कड काढलेली होती. मी बोट फिरवत फिरवत आमच्या घरापर्यंत आणलं तर ती रेघ घराला लागतच नव्हती, माझ्या नाही आणि मास्तरांच्याही नाही, ती जात होती पलीकडच्या गिरणीच्या ओट्यावरून. आठ महिने. मास्तर म्हणाले, "अरेच्चा," आणि त्यांनी हात उचलला तसा तो कोपरा सुर्रकन गुंडाळत आला. येताना रिक्षात त्यांनी उरलेले शेंगदाणे मला दिले. गिरणीवाल्याला जाऊन आम्ही दोघांनी सांगितलं, त्याला तोवर कोणी काही विचारलंच नव्हतं.

तुमच्याकडे असंच होईल असं नाही, कदाचित रेघ थेट तुमच्या बेडरूममधून जात असेल. पण दोन गटांतला एकेक माणूस एकत्र पाठवा. एकाच गटाचे दोघे गेले तर परत येऊन जे सांगतील त्यावर दुसरा गट विश्वास ठेवणार नाही आणि तुम्ही पुन्हा ग्रुपवर.

आता त्या कंसाकडे येते. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात लिहिलंय, "आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला जायच्या बेतात आहे, पण तो विषय वेगळा." बाई, तोच विषय आहे! १९८६ ची बिल्डिंग, नदीला लागून, बिल्डर येऊन गेलेला. त्या बिल्डरने प्रेझेंटेशनमध्ये पूररेषेबद्दल काय सांगितलं ते तुम्ही लिहिलं नाही, पण मी अंदाज बांधते. काठ बांधला की रेषा सरकेल आणि मग तुमचं काम सुटेल, असं काहीतरी सांगितलं असणार किंवा कोणीतरी तसं ऐकलं असणार. म्हणजे तुमच्याकडचे अर्धे पाठीराखे ट्रॅकच्या बाजूने नाहीतच, ते स्वतःच्या नव्या घराच्या बाजूने आहेत, फक्त तसं म्हणायला संकोच वाटतो म्हणून ट्रॅकचं नाव. आणि तसं म्हणण्यात लाजण्यासारखं काही नाही, चाळीस वर्षं जुनी बिल्डिंग आहे, स्लॅबचे पोपडे पडत असतील.

तर हे उघड बोला. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला बंदी आहे हे खरं, पण आधीपासूनच्या अधिकृत इमारतींच्या पुनर्विकासाला जलसंपदा खात्याच्या ना-हरकतीवर आणि बांधकामाची पातळी लाल रेषेच्या वर ठेवून वाट ठेवलेली आहे. म्हणजे नदीकाठचा प्रकल्प झाला तरच आपलं घर होईल, हे समीकरण तपासून बघण्यासारखं आहे. बिल्डरच्या आर्किटेक्टला विचारू नका, सोसायटीने स्वतःचा आर्किटेक्ट नेमून, त्याला फी देऊन, लेखी मत घ्या. एकदा हे दोन विषय सुटे झाले की बघा तुमच्या ३२ घरांत नदीवरून खरोखर भांडणारी किती घरं उरतात. माझ्या मते सात-आठ, आणि ती भांडू देत, त्यांना त्यात मजा येते.

आणि आता मैत्रीण.

मी तुमचं पत्र तीन वेळा वाचलं आणि तिसऱ्या वेळी पेन घेऊन तारखा लिहून काढल्या. मीटिंगमधलं भांडण एप्रिलातलं. वॉक बंद झाला फेब्रुवारीत. प्रकल्पाने मैत्रीण नेली म्हणता, पण दोन महिने आधी कुठला प्रकल्प आला होता? तेव्हा तर तुमच्यात काहीच झालेलं नव्हतं, तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही. मग वीस वर्षांचा वॉक तिने का सोडला, हे तुम्ही तिला विचारलंत का? तुम्ही खाली गेटपाशी उभ्या राहिला असाल, ती आली नसेल, चार-पाच दिवस तसंच झालं असेल आणि मग तुम्ही एकट्या जायला लागला असाल. असंच होतं.

लिफ्ट नाही. तिसरा मजला. वीस वर्षांपूर्वी पोरं लहान होती म्हणजे तुम्ही दोघी आता पन्नाशी-साठीच्या मध्ये कुठेतरी. जिन्यात मान खाली घालून जाते म्हणता. तुम्ही ते वाचलंत राग म्हणून. पण गुडघा दुखत असला की माणूस जिन्यात खालीच बघून चालतो, पुढची पायरी बघत, कठडा धरून. तिने कठडा धरलेला असतो का, आठवून बघा.

आणि ते वाक्य, "यांना काय, या तळमजल्यावर राहतात." तुम्हाला वाटलं तुमच्या पुराची थट्टा केली. मला तशी वाटत नाही, जिने गाद्या डोक्यावरून वर नेल्या ती पुराची थट्टा करणार नाही. तळमजला म्हटलं की तुम्हाला पाणी दिसतं आणि तिला जिना दिसतो. ती म्हणत होती, यांना काय, यांना चढायचं नाही. तिला रिडेव्हलपमेंट हवीये कारण तिला लिफ्ट हवीये, आणि कोणीतरी तिला पटवलंय की लिफ्ट नदीकाठच्या प्रकल्पाच्या मागून येणारे. चारचौघात गुडघ्याचं बोलायचं नव्हतं तिला, म्हणून ट्रॅकचं बोलली. जिला जिना उतरवत नाही ती बाई जॉगिंग ट्रॅकसाठी पाठिंबा देतेय, हे तुम्हाला खटकलं कसं नाही?

माझं चुकत असेल, दुसरंच काही असेल, सुनेचं असेल, नवऱ्याचं असेल. पण ते जिन्यात कळणार नाही आणि ग्रुपवर तर नाहीच. उद्या सकाळी वॉकच्या वेळेला शूज घालून तुम्ही वर जा. आधी फोन करा, म्हणजे ती बेल वाजली म्हणून धावत दार उघडायला येणार नाही. कुठलाही मसुदा बरोबर नेऊ नका, नदीचं नाव काढू नका, ती काढेल तेव्हा काढेल. गुडघा कसा आहे एवढं विचारा आणि चहा तिच्याकडेच घ्या, "ये ना खाली माझ्याकडे" असं चुकूनही म्हणू नका.